५० पैकी १८ मार्कांत विमा एजंट होता येतं, पण उरलेल्या ३२ प्रश्नांचं काय?

विमा एजंट व्हायचं ठरवलं की व्हॉट्सअॅपवर सगळ्यात आधी काय येतं? पीडीएफ. 'आयसी ३८, महत्त्वाचे ३०० प्रश्न, फक्त पाठ करा, पास व्हा.' पाठवणारा कधी ओळखीचा एजंट असतो, कधी कंपनीतले साहेब, तर कधी क्लासवाला.

आणि खरं सांगायचं तर ही पीडीएफ कामाला येते. प्रश्न ५०, वेळ एक तास, पास व्हायला ३५ टक्के. म्हणजे १८ उत्तरं बरोबर आली की झालं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. चार पर्यायांपैकी एक निवडायचा असल्याने नुसते डोळे मिटून बोट ठेवत गेलं तरी सरासरी बारा-तेरा बरोबर यायला हवीत. बाकीची पाच पीडीएफ भागवते.

मग अडचण कुठे आहे? ती समजायला सोलापूरसारखं दुसरं शहर नाही. इथे यंत्रमागावर आठवड्याला हिशेब होतो, हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, घराघरांत मराठी, तेलुगू आणि कन्नड एकमेकींत मिसळलेल्या असतात. पेपरात जी ३२ उत्तरं चुकली तरी चालतात, त्यांतली बरीचशी याच घरांमध्ये पुढे प्रत्यक्ष प्रश्न म्हणून उभी राहतात.

आधी परीक्षा काय आहे ते बघू

आयसी ३८ हे अभ्यासक्रमाचं नाव आहे. परीक्षा घेते मुंबईची 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया'. ही संस्था १९५५ सालची, म्हणजे एलआयसीपेक्षा एक वर्षाने मोठी. नियम ठरवते इर्डाई, म्हणजे विमा क्षेत्राची नियामक संस्था.

अमेरिकेत विमा विकायचा तर राज्यागणिक वेगळं लायसन लागतं. आपल्याकडे तसं नाही, देशभर एकच पद्धत आहे. शिवाय आपण बोलताना 'एजंटचं लायसन' म्हणतो खरं, पण २०१५ च्या विमा कायदा दुरुस्तीनंतर इर्डाई एजंटला लायसन देत नाही. परीक्षा पास झालेल्या माणसाला कंपनीच नेमते, ओळखपत्र देते आणि एजन्सी कोड देते. त्यामुळे परीक्षेचा फॉर्मही सहसा कंपनीमार्फतच भरला जातो. 'थेट लायसन काढून देतो' म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल तर सावध व्हा.

वय १८ पूर्ण, शिक्षण दहावी पास, पॅन कार्ड, आणि परीक्षेआधी २५ तासांचं प्रशिक्षण. एका एजंटला एकच जीवन विमा कंपनी, एकच जनरल विमा कंपनी आणि एकच आरोग्य विमा कंपनी धरता येते. दोन आयुर्विमा कंपन्यांची पॉलिसी एकाच पिशवीतून विकता येत नाही. हा प्रश्न पेपरात हमखास असतो.

आताच ही धावपळ का?

कारण 'बीमा सखी'. ९ डिसेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी हरियाणातल्या पानिपतमध्ये एलआयसीच्या या योजनेची सुरुवात केली. १८ ते ७० वयाच्या, दहावी पास बायकांना एजंट म्हणून उभं करायचं आणि पहिली तीन वर्षं कमिशनशिवाय मानधनही द्यायचं. पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये. तीन वर्षांचे मिळून २ लाख १६ हजार. घरात बसून विड्या वळणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या बाईसाठी हा आकडा लहान नाही. ही एलआयसीची नोकरी नाही, हे मात्र आधीच नीट समजून घ्या. एजंट तो एजंटच.

आणि मानधनाला अटी आहेत. पहिल्या वर्षात किमान २४ जणांचा विमा उतरवायचा आणि बोनस सोडून ४८,००० रुपयांचं कमिशन व्हायला हवं. पुढची अट जास्त महत्त्वाची आहे. पहिल्या वर्षी विकलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के दुसऱ्या वर्षाच्या शेवटी चालू असायला हव्यात. २४ पॉलिसी धरल्या तर १६. नातेवाइकांच्या गळ्यात मारलेल्या पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला बंद पडल्या की मानधनही अडतं. म्हणजे गिऱ्हाइकाला न झेपणारी पॉलिसी विकली तर त्याचं नुकसान होतंच, विकणारीचंही होतं.

परीक्षा बीमा सखीलाही तीच, आयसी ३८. तेव्हा आता त्या ३२ प्रश्नांकडे वळू. सगळे नाही, ज्यांच्यावर सोलापुरात घरं अवलंबून असतात तेवढेच.

तंबाखूचा रकाना

पुस्तकात एक भारदस्त शब्द येतो, 'परम सद्भाव'. परीक्षेपुरतं उत्तर सोपं आहे : विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी महत्त्वाची माहिती लपवायची नाही. पीडीएफ एवढ्यावर थांबते.

आता प्रस्ताव अर्ज समोर ठेवा. त्यात विचारलेलं असतं, तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेता का? सोलापुरात या एका ओळीत किती गोष्टी येतात ते बघा. मागावर रात्रपाळी करणारा गाल भरून तंबाखू मळतो. आजी सकाळी दाताला मिश्री लावते. विडी वळणारी बाई स्वतः ओढत नाही, पण दिवसभर तंबाखूच्या सुपासमोर बसते. मिश्रीला कुणी व्यसन समजत नाही, त्यामुळे 'काही व्यसन आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. ते खोटं नसतं, प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. 'मिश्री लावता का?' असं विचारलं तर 'हो, लग्नाआधीपासून' असं उत्तर येतं. विडी वळण्याचं तसं नाही. ती सवय नव्हे, व्यवसाय. म्हणून ते व्यवसायाच्या रकान्यात खरंखरं लिहायचं. तिथे 'गृहिणी' लिहून मोकळं व्हायचं नाही.

आणि बऱ्याचदा विचारलंच जात नाही. एजंट अर्जावर घाईघाईने सगळीकडे 'नाही' लिहितो, शेवटी सही घेतो. पुढे दीड वर्षात तोंडाच्या कॅन्सरने माणूस गेला, हॉस्पिटलच्या कागदावर 'अनेक वर्षं तंबाखू' लिहिलेलं निघालं की दावा अडकतो.

इथे विमा कायदा १९३८ चं कलम ४५ येतं. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनी कोणत्याही कारणाने तिच्यावर प्रश्न उभा करू शकत नाही. पण तीन वर्षांच्या आत करू शकते. फसवणूक सिद्ध झाली तर पैसे नाहीत. फसवणूक नव्हती, पण महत्त्वाची माहिती चुकीची दिली असं ठरलं तर फक्त भरलेले हप्ते ९० दिवसांत परत मिळतात. पाच लाखांच्या आशेवर असलेल्या घराला वीस हजार.

यात आणखी एक पेच आहे, तो प्रश्नसंचांत क्वचित सापडतो. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली, तर ही तीन वर्षं पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून परत मोजली जातात. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात पॉलिसी बंद पडणं आणि पुन्हा सुरू होणं नेहमीचं. दहा वर्षं जुनी पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त असलेलं घर प्रत्यक्षात 'तीन वर्षांच्या आत' असू शकतं. पुनरुज्जीवनाच्या वेळी तब्येतीचा जो फॉर्म भरून घेतात, तोही तितक्याच काळजीने भरायचा तो यासाठी.

पुस्तकात एजंटला 'प्राथमिक अंडररायटर' म्हटलंय. जोखीम सगळ्यात आधी डोळ्यांनी बघणारा माणूस तोच. कंपनीला त्याचा वेगळा गोपनीय अहवालही जातो. पेपरात हा एका मार्काचा प्रश्न आहे, अर्ज भरताना तो सगळ्या कामाचा गाभा होतो.

कर्जबाजारी मालकाची बायको

१८७४ सालचा एक कायदा अभ्यासक्रमात आहे, 'विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा'. पीडीएफमध्ये तो एका ओळीत असतो : या कायद्याखाली घेतलेल्या पॉलिसीचा लाभ कुणाला? उत्तर, पत्नी आणि मुलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार-आठ माग टाकलेला छोटा मालक डोळ्यासमोर आणा. माग कर्जावर, शेड कर्जावर, सुताचे पैसे व्यापाऱ्याचे उधार. चादर-टॉवेलला उठाव नसला की देणी साचतात. उद्या तो गेला तर घेणेकरी दारात येणार. साध्या पॉलिसीच्या पैशांवर ते दावा सांगू शकतात. पण नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याची पॉलिसी या कायद्याखाली घेतली असेल, तर तो बायको-मुलांसाठीचा ट्रस्ट मानला जातो. ते पैसे त्याच्या मालमत्तेत धरले जात नाहीत, म्हणून घेणेकऱ्यांनाही मिळत नाहीत. अपवाद एकच : घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठीच पॉलिसी घेतली असं सिद्ध झालं तर.

हे पॉलिसी घेतानाच अर्जात लिहावं लागतं. नंतर आठवलं म्हणून जोडता येत नाही. त्यामुळे एजंटला ही ओळ माहीत नसेल तर ती संधी कायमची जाते. त्या घरात एजंटशिवाय हे सांगणारं दुसरं कोण असतं? माझ्या मते अख्ख्या आयसी ३८ मधली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी ओळ हीच.

याच्याच शेजारी नामनिर्देशन येतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते पैशांचे खरे हक्कदार मानले जातात. भाऊ किंवा पुतण्याला नॉमिनी केलं तर पैसे त्याच्या हातात पडतील, पण वारसांचा हक्क वेगळा राहील. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून भावाचंच नाव आहे का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात.

एक गणित, घाबरायचं नाही

परीक्षेत 'मानवी जीवन मूल्या'चं गणित येतं. अनेकजण ते सोडून देतात, खरंतर ते पाचवीच्या मुलाला जमेल. कमावणारा माणूस वर्षाला घरात किती आणतो? त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करा. उरतं ते घराचं नुकसान. आता व्याजदर ८ टक्के धरून, तेवढी रक्कम दरवर्षी व्याज म्हणून यायला किती मुद्दल लागेल ते काढा.

यंत्रमाग कामगाराची वर्षाची कमाई १,८०,००० धरू. स्वतःचा खर्च ३६,०००. उरले १,४४,०००. याला ०.०८ ने भागलं की येतात १८ लाख. झालं गणित.

आता या माणसाकडे साधारण काय असतं? बँकेतून कापली जाणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख. पासबुकात ४३६ ची नोंद आहे का ते आधी बघा, बऱ्याच लोकांना आपला विमा आहे हेच माहीत नसतं. १८ लाखांची गरज आणि २ लाखांचं संरक्षण. या दरीवर टर्म प्लॅन बसतो, ज्याचा हप्ता कमी असतो पण शेवटी हातात काही परत येत नाही. मनी बॅक किंवा एंडोमेंटमध्ये पैसे परत येतात, पण तेवढ्याच हप्त्यात संरक्षण खूप कमी. कमिशन मात्र हप्त्याच्या टक्क्यात मिळतं. एजंटचा खिसा कोणत्या बाजूला ओढतो हे यातून कळतं. ते पुस्तकात इतक्या उघड शब्दांत लिहिलेलं नाही.

पीडीएफ जुनी असेल तर

इथे पाठांतरवाल्यांची खरी फजिती होते. गेल्या दोन-तीन वर्षांत नियम भराभर बदललेत आणि पीडीएफ तीच फिरतेय.

फ्री लूक, म्हणजे पॉलिसी हातात आल्यावर नको वाटली तर परत करण्याची मुदत, जुन्या संचात १५ दिवस आहे. आता ३० दिवस. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची कमाल मुदत ४८ महिने होती, १ एप्रिल २०२४ पासून ती ३६ महिने झाली. आरोग्य पॉलिसी सलग किती काळ चालली की, फसवणूक सोडून, कंपनी हरकत घेऊ शकत नाही? जुनं उत्तर आठ वर्षं, आता ६० महिने. वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जुन्या संचात १८ टक्के जीएसटी दिसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शून्य आहे.

पेपर कोणत्या आवृत्तीवर आहे ते प्रशिक्षण देणाऱ्याला विचारा आणि इन्स्टिट्यूटचं चालू पुस्तकच वाचा. गिऱ्हाइकाला मात्र नेहमी आजचा नियम सांगायचा.

इतिहासाचे प्रश्न बदलत नाहीत, ते फुकटचे मार्क समजा. भारतातली पहिली आयुर्विमा कंपनी ओरिएंटल, १८१८, कोलकाता. पहिली भारतीय कंपनी बॉम्बे म्युच्युअल, १८७०. एलआयसीची स्थापना १ सप्टेंबर १९५६. त्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळी अर्थमंत्री होते आपले सी. डी. देशमुख, पण हे पेपरात विचारत नाहीत. जनरल विम्याचं राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने, अंमल १ जानेवारी १९७३ पासून. मल्होत्रा समिती १९९३, इर्डा कायदा १९९९. एवढं एका चिठ्ठीवर मावतं.

मराठीत द्यायची, तेलुगूत की कन्नडमध्ये?

परीक्षा मराठीत देता येते, तेलुगू आणि कन्नडमध्येही. पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पण शाळा मराठीत झालेल्या मुलीने काय निवडावं? ज्या भाषेत वाचनाची सवय आहे ती. बोलायची भाषा आणि वाचायची भाषा वेगळी असू शकते.

मराठी पुस्तकाची अडचण वेगळीच आहे. ते भाषांतरित आहे आणि शब्द जडजंबाल आहेत. विमायोग्य हित, अभिहस्तांकन, नुकसानभरपाईचं तत्त्व. विषय अवघड नाही, शब्द अवघड आहेत. एक वही करा. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत. विमायोग्य हित : तो माणूस गेला तर माझं पैशाचं नुकसान होईल का? बायकोचं होईल, कर्ज देणाऱ्याचं कर्जापुरतं होईल, शेजाऱ्याचं होणार नाही. अभिहस्तांकन : पॉलिसी बँकेकडे तारण ठेवताना हक्क तिच्या नावावर करून देणं. नुकसानभरपाई : दवाखान्याचं बिल ८०,००० झालं तर दोन मेडिक्लेम असूनही मिळून ८०,००० च मिळतील, जीवन विम्याच्या दोन पॉलिसी असतील तर दोन्हींचे पूर्ण पैसे मिळतात. चाळीसेक शब्दांची वही झाली की अर्धं पुस्तक हलकं होतं.

पेपरात 'खालीलपैकी कोणते बरोबर नाही' असे उलटे प्रश्न असतात. 'नाही' वर नजर गेली नाही की पहिलं खरं वाक्य दिसताच बोट दाबलं जातं. एका प्रश्नाला ७२ सेकंद आहेत, ते पुरतात. एकही प्रश्न सोडू नका, कारण चुकल्याचा दंड नाही. कलम ४१ नक्की वाचा : स्वतःच्या कमिशनमधून गिऱ्हाइकाला सूट देणं गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. 'पहिला हप्ता मी भरते, तू फक्त सही कर' हे त्यातच बसतं, आणि २४ चा आकडा गाठायच्या नादात हेच सगळ्यात आधी केलं जातं.

पास झाल्यावर

पहिल्यांदा एजंट होण्यासाठी प्रमाणपत्र १२ महिने चालतं. तेवढ्यात कंपनीकडून नेमणूक घ्यायची, नाहीतर पुन्हा परीक्षा. पूर्ण वेळ एजंट व्हायचं नसेल तर 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' हा छोटा रस्ता आहे. दहावी पास, १५ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा कंपनी किंवा ब्रोकरच घेतो, मात्र विकायला फक्त सोप्या, ठरावीक पॉलिसी मिळतात.

आणि एक पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. कंपनीने दावा नाकारला आणि तिच्या तक्रार विभागानेही ऐकलं नाही, तर सोलापूरच्या माणसाला पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पेपरात यावर एखादा प्रश्न येतो. दावा अडकलेल्या घरातून फोन येतो तेव्हा बहुतेकदा त्या वर्षातले आठ-नऊ महिने संपलेले असतात.